वही आता आपण लिहायची



या अंकाचं संपादकीय पैशावर आहे. दचकू नका. संपादकानं शेअर बाजार धरलेला नाही, पतपेढीही काढलेली नाही. दिवसभर गोदीत माल उचलणारा, रात्री कविता खरडणारा आणि मॅट्रिकच्या पुढं न गेलेला एक माणूस जमाखर्चावर लिहायला बसलाय, याचं हसू येत असेल तर खुशाल हसा. हसून झालं की पुढं वाचा. प्रश्न आपल्या वस्तीतल्या चौदा ते अठरा वर्षांच्या पोरापोरींचा आहे. त्यांना पैशाचा हिशोब आणि पुढच्या आयुष्याचा बेत कुणी शिकवायचा, आणि नेमका कसला शिकवायचा, हा तो प्रश्न.

सरकार शिकवतंय, असं सरकारचं म्हणणं. रिझर्व्ह बँकेनं मुलांसाठी चित्रपुस्तकं काढली. त्यातल्या एकात राजू नावाचा पोरगा आहे आणि पैशाचं झाड आहे. २०१६ साली राज्यभर दहावीच्या पोरांची कलचाचणी घेतली. २०२० मध्ये करिअरचं पोर्टल आलं. यात वाईट काहीच नाही. आम्ही या सुट्टीत नेवाशाच्या आमच्या वस्तीत पोरांचा वर्ग घेतला तेव्हा ही असली पुस्तकं, तक्ते सगळं चाळून पाहिलं. शहरी मास्तर लोकांचा एक लाडका नियम त्यात सापडला. महिन्याच्या उत्पन्नातले पन्नास टक्के गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला. फळ्यावर लिहिला. पोरं वहीत उतरवून घेऊ लागली. मागं बसलेली एक पोरगी हात वर करून म्हणाली, "दादा, आमच्या घरी महिना नसतो. हंगाम असतो."

संपला तुमचा नियम!

तिचे आईबाप ऊस तोडतात. या तालुक्यात सोनईला साखर कारखाना, भेंड्याला साखर कारखाना. मुळा धरणाचं पाणी ज्याच्या शेतात जातं त्याचा ऊस, आणि ज्याच्याकडं शेतच नाही त्याच्या हातात कोयता. कारखान्याच्या भाषेत नवरा-बायको मिळून एक कोयता. दोन माणसांचं मिळून एक हत्यार होतं, माणूस म्हणून कुणाचीच वेगळी नोंद नाही. पावसाळा सरला की मुकादम उचल देतो. ती उचल दवाखाना, लग्न, जुनं देणं यात महिन्याभरात विरघळते. मग चार-पाच महिने तोडणी करून ती फेडायची. हंगाम संपताना बाकी राहिलीच तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडं. म्हणजे या घराच्या जमाखर्चाचा पहिला आकडाच उणे. उण्याचे पन्नास टक्के कसे काढायचे, हे त्या तक्त्यात नव्हतं.

म्हणून आपल्यातले काही मित्र म्हणतात, ही बचतबिचत सगळी शेटजीची थेरं आहेत. गरिबाला हिशोब शिकवणं म्हणजे त्याच्या गरिबीचा दोष त्याच्याच माथी मारणं. तू चहा प्यायलास म्हणून गरीब राहिलास, तू मोबाईल घेतलास म्हणून गरीब राहिलास! या मित्रांचा राग मला कळतो. असला धडा कुणी द्यायला आला तर त्याला वस्तीच्या बाहेर घालवायला मी पुढं असेन. पण म्हणून हिशोबच नको, हे मला पटत नाही. शत्रूनं सुरा धरला म्हणून आपण कांदा कापायचा सोडतो काय?

हिशोबाची वही या देशात नेहमी कुणाच्या हातात होती ते आठवा. गावगाड्यात महार शीव राखायचा, सारा पोचवायचा, जमिनीच्या भांडणात हद्द दाखवायला उभा राहायचा. गावाची सगळी खबर त्याच्या डोक्यात, पण लिहिणारा हात कुलकर्ण्याचा. बलुत्यात काय मिळायचं, किती मिळायचं, ते देणाऱ्याच्या मर्जीवर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं ते यासाठीच. ज्या कामाचं मोलच ठरलेलं नाही ते काम गुलामीचं. वतन कायद्यानं जायला १९५८ उजाडलं. म्हणजे ठरलेली मजुरी मोजून घेण्याची सवय आपल्या घरात अजून शंभर वर्षांचीही नाही. पोराला हिशोब येत नाही म्हणून त्याला हसण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला आणि तो नगर जिल्ह्यात पसरला. उठाववाल्यांचा राग माणसांपेक्षा कागदावर जास्त होता. सावकाराच्या घरात शिरायचं, कर्जरोखे काढायचे आणि चव्हाट्यावर जाळायचे. मला ती माणसं आवडतात. ती कुणबी होती, आपल्या वाट्याला त्यांच्याकडूनही शिवाशिवच आली, तरी आवडतात. १८७९ ला इंग्रजाला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. पण सावकारी संपली नाही. जुने रोखे जळाले, नवे रोखे लिहिले गेले. कारण लिहिता येणारा हात तोच राहिला होता. वही जाळायला एक रात्र पुरते. वही लिहायला शिकायला एक पिढी लागते. आपल्या पिढीनं हे दुसरं काम अंगावर घ्यायचं आहे.

आता कुणी म्हणेल, हे बाबासाहेबांच्या मार्गात कुठं बसतं? अरे, बाबासाहेबांचा विषयच मुळात हा होता! आपण त्यांना घटनाकार म्हणून फोटोत ठेवलं आणि अर्थशास्त्रज्ञ म्हणून विसरलो. कोलंबियाच्या एम. ए.चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर. १९२३ साली लंडनला डी. एस्सी. मिळाली ती रुपयाच्या प्रश्नावर. १९२५ ला प्रसिद्ध झालेला ग्रंथ प्रांतांच्या वित्तव्यवस्थेवर, म्हणजे सरळ सरळ सरकारच्या जमाखर्चावर. इंग्रज या देशातून किती घेतो आणि कशावर खर्चतो, हे त्यांनी आकडे मांडून दाखवलं.

आणि त्यांचं स्वतःचं आयुष्य बघा. १९१३ ला बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. मुदत संपली, लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पगारातून पैसा मागं टाकला, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून उसने घेतले, आणि पुन्हा लंडन गाठलं. इकडं रमाई घर चालवत होत्या. महिन्याच्या पैशाच्या त्या तीस पुड्या बांधून ठेवत आणि रोज एकच सोडत, असं आपल्या घराघरात सांगतात. तीस पुड्या! यालाच आता इंग्रजी पुस्तकात बजेट म्हणतात आणि शिकवायला फी घेतात.

पण बेत आखला म्हणजे रस्ता मोकळा होतो, ही थाप मात्र पोरांना मारू नका. १९१७ साली कोलंबियात शिकलेला हा माणूस करार पाळायला बडोद्याच्या नोकरीवर गेला. त्याला शहरात राहायला खोली मिळाली नाही. पारशी खानावळीतून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. यापेक्षा नीट आखलेलं करिअर कुणाचं होतं सांगा! तेही जातीनं मोडलं. आणि लांब कशाला जायचं, आपल्याच तालुक्यात सोनईला १ जानेवारी २०१३ रोजी तीन सफाई कामगार पोरांचा खून झाला. कारण प्रेम आणि जात. नाशिकच्या न्यायालयानं २०१८ ला सहा जणांना फाशी सुनावली. कलचाचणीच्या कुठल्या रकान्यात हे बसतं? तेव्हा आपल्या पोराला पुढचा बेत शिकवताना जात हा खर्च वहीत लिहायलाच हवा. खोलीच्या भाड्यात तो लागतो, मुलाखतीत आडनाव विचारलं की तो लागतो. जो तक्ता तो लिहीत नाही तो तक्ता खोटा.

मग काय शिकवायचं? आम्ही वर्गात केलं ते सांगतो. तुम्ही आपापल्या वस्तीत करा, याच्यापेक्षा चांगलं करा.

पहिलं, व्याज. वस्तीत दर चालतो शेकडा पाच. पोरांना वाटतं, पाच टक्के म्हणजे किरकोळ. फळ्यावर मांडायला लावलं. दहा हजार घेतले, महिन्याला पाचशे. वर्षाला सहा हजार. वीस महिन्यांत दहा हजार व्याजच भरून झालं आणि मुद्दल जागच्या जागी उभं. वर्षाचे साठ टक्के! महाराष्ट्राचा सावकारीचा कायदा २०१४ चा आहे. परवाना असलेल्या सावकारालासुद्धा शेतकरी नसलेल्या माणसाकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. बिगरपरवाना सावकारी तर गुन्हाच. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं करायची. हे कळल्यावर एक पोरगा उठून म्हणाला, "म्हंजे आमचा बा दोनदा फेडून बसलाय की!" त्या पोराचा चेहरा बघायला राजू आणि त्याचं झाड दोघांनाही आणायला हवं होतं.

मोबाईलवरच्या कर्जाचंही तेच. एका मिनिटात पैसे देणारा एका मिनिटात किती कापून देतो, हे आधी विचारायचं. हातात आले किती, फेडायचे किती, किती दिवसांत. हे तीन आकडे कागदावर लिहिल्याशिवाय अंगठा दाबायचा नाही. पूर्वी अंगठा शाईत बुडवून घ्यायचे, आता काचेवर ठेवून घेतात.

दुसरं, आपलं येणं. शहाणी पुस्तकं फक्त खर्च लिहायला शिकवतात. आपल्या पोरानं जमेची बाजू आधी लिहायची, आणि त्यात न मिळालेला हक्कही लिहायचा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात होते त्या काळात ती सुरू झाली. आज अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या, अकरावी-बारावीत घरून ये-जा करणाऱ्या अनुसूचित जातीच्या पोराला वर्षाला २,५०० रुपये आणि वसतिगृहातल्याला ४,००० रुपये भत्ता आहे. अडीच हजार भागिले तीनशे पासष्ट, रोजचे सात रुपयेसुद्धा पडत नाहीत. अर्धा वडापाव! हा भागाकार प्रत्येक पोरानं स्वतः करायचा. म्हणजे सरकार आपल्याला फुकट पोसतं असं कुणी म्हणालं की त्याच्या तोंडावर ठेवायला आकडा असतो. पुढं शिकायला शहरात गेला आणि सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत. किती पोरांना हे माहीत होतं? आमच्या वर्गात एकालाही नाही.

तिसरं, तारखा आणि कागद. पाटलाच्या पोराचा बेत जमिनीवर उभा असतो, आपल्या पोराचा कागदावर. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पडताळणीचं प्रमाणपत्र. जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आजा-पणजा शाळेत गेलाच नसेल तर त्याचा पुरावा आणायचा कुठून? तो शोधायला वर्ष लागतं. म्हणून बारावीचा निकाल लागल्यावर नव्हे, दहावीत असतानाच शोधायला लागायचं. गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, कोतवाल बुक, कुणा चुलत्याचा शाळेचा दाखला. आम्ही भिंतीवर वर्षाचा तक्ता लावला. कुठला अर्ज कधी निघतो, कुठला कागद लागतो, कुणाचा अडलाय. हेच आमचं करिअर पोर्टल, वीज गेली तरी चालतं.

चौथं, कामं. पोरांना विचारलं, काय व्हायचंय? निम्मे म्हणाले पोलीस, उरलेले कलेक्टर. मधलं काहीच नाही! कलेक्टर व्हा, जरूर व्हा. पण आयटीआयमधला वीजतंत्री, जोडारी, संधाता. नर्स, तलाठी, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, इंजिनचालक, ही माणसं काय शिकतात, किती वर्षं, किती खर्चात, हे कुणी सांगितलेलंच नाही. आणि नेवासा फाट्याच्या हॉटेलांत, गॅरेजांत जी पोरं आत्ताच राबताहेत त्यांना विचारा, महिन्याचं किती ठरलं होतं, किती मिळालं, कुठं लिहून ठेवलंय? लिहून ठेवलेलं नसतं. मालकाच्या वहीत असतं.

इथं माझ्या गोदीतलं सांगतो. माल उतरताना टॅलीवाला नग मोजून कागदावर मांडतो. आमची टोळी टनावर. एका ठेकेदाराकडं महिनाअखेरीला आकडा नेहमी आमच्या अंदाजापेक्षा कमी यायचा. भांडलो की म्हणायचा, कागद दाखव. आमच्याकडं कागद नव्हता, घाम होता. मग टोळीतल्या एका म्हाताऱ्यानं खिशात छोटी डायरी ठेवायला सुरुवात केली. रोजची तारीख, जहाज, पाळी, नग. दोन महिन्यांनी डायरी पुढं केली तेव्हा तोच ठेकेदार चहा मागवून बोलायला लागला. जुन्या लोकांच्या वेळी निदान १९४८ चा गोदी कामगारांचा कायदा होता, नोंदणी होती, काम नसेल त्या दिवशीही हजेरीचे पैसे होते. १९८९ ला पलीकडं न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं, माल डब्यात बंद झाला, डबे यंत्रानं उचलले आणि माणसं ठेकेदाराकडं गेली. आता पगारातून भविष्यनिधी कापला जातो तो खरोखर खात्यावर जमा होतो की नाही, हे ज्यानं त्यानं आपला नंबर टाकून बघावं लागतं. पहिल्या पगाराच्या दिवशी हे बघायचं, हे सोळाव्या वर्षीच शिकवा.

पाचवं, बचत. हे मुद्दाम शेवटी. आमच्या नेवाशात पैसाचा खांब आहे. शके १२१२ ला, म्हणजे १२९० साली, त्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली असं मानतात. बाहेरचा माणूस ऐकताना 'पैशाचा खांब' ऐकतो. पण पैस म्हणजे ऐसपैसमधला पैस, मोकळी जागा. त्या देवळाच्या मोकळ्या जागेत आमचे पूर्वज उभे राहू शकले असते का, हे वेगळं सांगायला नको. पण शब्द चांगला आहे, तो आपण घेऊ. गरिबाची बचत श्रीमंत होण्यासाठी नसतेच. ती पैस मिळवण्यासाठी असते. महिनाभराचं धान्य आणि भाडं बाजूला असेल तर मुकादमाला नाही म्हणता येतं. पोरगी सासरी मार खात असेल तर तिला परत आणता येतं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली. संप लांबत गेला तेव्हा घराघरातली भांडी विकली गेली. संपाला घोषणा लागतात तसे दाणेही लागतात. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली ती कुणी चहा सोडला म्हणून मिळाली नाही. संघटनांनी कोयता खाली ठेवायची तयारी दाखवली म्हणून मिळाली. बचत आणि संघटना या एकाच हाताच्या दोन मुठी आहेत.

पोरींबद्दल वेगळं लिहितो, कारण घरातला जमाखर्च जुळत नसला की पहिली काट तिच्या नावावर बसते. भावाची फी राहते, तिची जाते. ग्रामीण भागातल्या पोरींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, म्हणजे 'जायला पैसे नाहीत' हे कारण खरं नाही. खरं कारण तिच्या लग्नाचा खर्च आधीच कुणीतरी मनात लिहून ठेवलाय हे आहे. वर्गात आम्ही पोरींना सांगितलं, घरची वही तुम्ही लिहा. लिहिणाऱ्याचं नाव सहजासहजी खोडता येत नाही.

आता थोडं घरातलं आणि सरकारातलं, दोन्हीकडचं.

मे २०२५ मध्ये राज्य सरकारनं सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडं वळवले. खात्याच्या मंत्र्यानंच जाहीर नाराजी दाखवली. आमच्या आयाही ते दीड हजार घेतात आणि त्यांना ते लागतात, याबद्दल वाद नाही. पण बहिणीला द्यायचं ते भावाच्या शिष्यवृत्तीच्या डब्यातून काढून का? दुसरा डबा नव्हता? सरकार आपल्याला बजेट शिकवतं, आपण सरकारचं बजेट वाचायला शिकलं पाहिजे. घरची वही वाचणारा पोरगा उद्या जिल्ह्याची वही वाचेल, परवा राज्याची. बाबासाहेबांनी केलं ते नेमकं हेच.

आणि आपली वही? चौदा एप्रिलच्या वर्गणीचे किती आले, डीजेला किती गेले, फ्लेक्सला किती गेले, कुठल्या वस्तीत हे भिंतीवर लागतं? डीजेचा एका रात्रीचा पैसा किती पोरांचे जूनमधले अर्ज, एसटीचे पास, पुस्तकं भागवेल, हा भागाकार वर्गातल्या पोरांनीच आम्हाला करून दाखवला. मोठी माणसं गप्प बसली. मिरवणूक काढू, वाजवू, नाचूही; नाचायचा हक्क आपण भांडून मिळवलाय. पण हिशोब मागणाऱ्या पोराला 'चळवळीचा गद्दार' म्हणणारा कार्यकर्ता मला मुकादमाचा भाऊ वाटतो, मग त्याचा झेंडा निळा का असेना.

तेव्हा प्रत्येक वस्तीनं एवढं करावं. सुट्टीत एक वर्ग, भिंतीवर तारखांचा एक तक्ता, प्रत्येक पोराच्या हातात दहा रुपयांची एक वही. आणि जयंतीच्या वर्गणीचा हिशोब त्याच भिंतीवर. शिकवायला पदवी लागत नाही. मॅट्रिकवाला शिकवू शकतो, मी शिकवतोय.

दुसऱ्याला सांगायचं आणि आपण झाकायचं, हे बरं नव्हे. म्हणून या अंकाच्या मलपृष्ठावर आपल्या अनियतकालिकाचा वर्षाचा जमाखर्च छापला आहे. कागद, छपाई, टपाल, कुणी किती वर्गणी दिली आणि कुणाची राहिली, सगळं. राहिलेल्यांत संपादकाच्या दोन मित्रांची नावं आहेत. त्यांनी रागवावं आणि पैसे पाठवावेत.

जयभीम!